सातबारा नसलेला देश

“उजवा पाय आधी! आणि पासावर शिक्का बसल्याशिवाय कुणीही वाळूला पाय लावायचा नाही!”

तात्याभावजींचा तो आवाज चाळीस वर्षं होत आली तरी माझ्या कानात आहे. धोतराचा काचा मारून ते गुडघाभर पाण्यात उभे होते. एका हातात अर्धा कापलेला बटाटा, दुसऱ्या हातात शाईची डबी. बटाट्यावर त्यांनी चाकूने स्वतः एक पक्षी कोरला होता. तो कोंबडीसारखा दिसत होता, पण ते मी बोलले नाही. होडीत आम्ही दोघं, मी आणि हे, शाळेच्या वहीच्या पानांचे पास हातात धरून निमूट बसलो होतो.

“तात्यानू, माजा पाय तर कवाच लागला,” होडी धरून उभा असलेला धाकू तांडेल म्हणाला. “आता मला फाशी काय?”

“तुला सूट. तू परदेशी आहेस.”

“आयला!” धाकू म्हणाला आणि पोट धरून हसायला लागला.

तात्याभावजी म्हणजे ह्यांचे थोरले बंधू. अठ्ठावीस वर्षं त्यांनी विक्रीकर खात्यात नोकरी केली, गावोगाव बदल्या झाल्या. निवृत्त झाले त्याच्या आदल्या वर्षी आमच्या मोठ्या जाऊबाई गेल्या, म्हणून ते आमच्याकडे, आडशेतला, राहायला आले. माणूस देवासारखा, पण सरकार हा शब्द कानावर पडला की डोळे लाल. त्यातच त्यांच्या एका मित्राच्या मुलाने परदेशातून एक मासिक पाठवलं. कुठलंच सरकार नको म्हणणारे काही लोक समुद्रात फलाट उभारून, वाळूचे ढीग टाकून आपापले नवे देश काढतात, असं त्यात सचित्र छापलं होतं. भावजींनी ते मासिक पोथीसारखं वाचलं. वाचून झाल्यावर मला म्हणाले, “वेणू, त्यांना वाळू टाकावी लागली. आपल्याकडे आयती आहे.”

आमची खाडी समुद्राला मिळते तिथे वाळूचा एक लांबट दांडा काही वर्षांपासून वर आला होता. तो ना आडशेतच्या हद्दीत, ना पलीकडच्या गावाच्या. भावजींनी तालुक्याला अर्ज केला, की हा दांडा कुणाचा? तीन महिन्यांनी उत्तर आलं. ‘सदर वाळूच्या पट्ट्याची नोंद या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही.’ त्यांनी ते पत्र चौकट करून माझ्या देवघरात लावलं.

“सातबारा नाही म्हणजे मालक नाही,” ते एकेक बोट दुमडत म्हणाले. “मालक नाही म्हणजे सारा नाही. सारा नाही म्हणजे सरकार नाही. सरकार नाही तो आपला देश!”

देशाचं नाव मुक्तद्वीप. घटना एका पानाची. कलम एक, इथे कुणी कुणावर सक्ती करणार नाही. कलम दोन, स्वतःच्या मर्जीने दिलेला शब्द पाळायचा. कलम तीन सुचलं नाही म्हणून जागा सोडली होती.

इथवर मलाही मौज वाटत होती. पण एका संध्याकाळी भावजींनी देवळाच्या पारावर चारचौघांत जाहीर केलं, की अमुक दिवसापासून एक वर्ष ते भारताच्या भूमीला पाय लावणार नाहीत. लोक खो खो हसले. कुणी विचारलं, “अहो तात्या, मग पेन्शन?” भावजी म्हणाले, “ती गजा आणून देईल.” गजा म्हणजे हे. त्यावर तर पारावरची दोन म्हातारी माणसं हसून हसून खोकायला लागली.

मला मात्र हसू येईना. माणूस साठी उलटलेला आणि दम्याचा. ताडपत्रीच्या एका आडोशाखाली, चहूकडे पाणी, आणि महिन्याभरात मृग. त्यांना परत कसं आणायचं, हा एकच विचार माझ्या डोक्यात होता. हे म्हणायचे, “चार दिवस राहील, डास चावले की येईल.” पण मी भावजींना ओळखत होते. पारावर बोललेला शब्द गिळण्यापेक्षा त्यांनी समुद्र गिळला असता.

माझा तेव्हा रोजच्या पार्थिवपूजेचा नेम होता. रोज मातीचं शिवलिंग करायचं, पूजा करायची, आणि त्याच दिवशी विसर्जन. ते झाल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायचं नाही. नेम मोडायचा नाही म्हणून पूजेचं सगळं साहित्य घेऊन मी होडीत बसले होते. आणि एक अट मीच घातली होती. भावजी त्या दांड्यावर अष्टमीला सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून आले होते. एक लाटसुद्धा माथ्यावर आली नाही म्हणून खूश होऊन दुसऱ्याच दिवशी निघणार होते. मी म्हटलं, “भावजी, देश काढताय, तर मुहूर्त तरी बघा. अक्षय्य तृतीया आठ-दहा दिवसांवर आलीय. त्या दिवशी आरंभलेलं क्षय पावत नाही.”

“माझा विश्वास नाही,” ते म्हणाले. “पण तुझी मर्जी. सक्ती नाही म्हटल्यावर तुझ्या मर्जीचा मान ठेवायलाच हवा.”

तर ती तृतीया. सकाळचे आठ वाजले असतील. आम्ही शिक्के मारून घेतले, उजवा पाय टाकला, आणि भावजी बघतच राहिले. दांडा त्यांनी मोजला होता त्याच्या तिप्पट होता. पार समुद्राकडे वाळूच वाळू, शिंपल्यांनी भरलेली, चमचमती.

“गजा! देश वाढलाय रे!”

“न लढता,” हे म्हणाले.

“वेणू, मानलं तुझ्या मुहूर्ताला!” भावजी मला हात जोडून म्हणाले, आणि खरं सांगते, मला थोडा अभिमानच वाटला.

धाकू डोकं खाजवत उभा होता. “तात्यानू, आज तीज हाय.”

“अक्षय्य तीज! म्हणून तर आलो.”

“तसा नाय. तिजेला पानी...”

“धाकू,” भावजी म्हणाले, “या देशात सल्ला मागितला तरच द्यायचा. न मागता दिलेला सल्ला ही सक्तीची पहिली पायरी. या दोघांना तेवढं दिवेलागणीला न्यायला ये. मला न्यायचं नाही.”

धाकूने माझ्याकडे पाहिलं. मी नेमकी तेव्हाच मान खाली घालून शिंपले बघत होते. “बरा,” तो म्हणाला. “मी नाकाडाच्या आडोशाला जाळी टाकतो. हाक मारली तर ऐकायला येल.” आणि पाण्यात घुसलेल्या खडकाच्या त्या टोकाकडे होडी ढकलून तो गेला.

मग सामान लावणं सुरू झालं. एक ट्रंक, दोन घागरी पाणी, तांदूळ, स्टोव्ह, ताडपत्री. ध्वज म्हणजे ह्यांचा पांढरा पंचा. त्यावर चिन्ह नव्हतं, कारण एकाने काढलेलं चिन्ह दुसऱ्यावर सक्ती ठरलं असतं. ध्वज लावून झाला, भावजींनी घटना वाचून दाखवली, ह्यांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, आता मी माझी पूजा करून घेते, घसा सुकलाय.

दांड्याच्या मधोमध ओल्या वाळूचं लिंग केलं. काय सुंदर झालं होतं! आमच्या अंगणातल्या मातीला कधी असा गोलावा आला नाही. बेल वाहिला, हातात पाणी घेतलं आणि संकल्प सुरू केला. “...जंबुद्वीपे भरतवर्षे भरतखंडे...”

“थांब, वेणू!”

मी दचकले. पळीतलं पाणी सांडलं.

“तू भरतखंडात नाहीस,” भावजी म्हणाले. “दीड तासापूर्वी तू ते सोडलंस. शिक्का आहे तुझ्या पासावर.”

“मग काय म्हणू?”

“मुक्तद्वीपे म्हण.”

“बरं. कुठल्या खंडात?”

भावजी विचारात पडले. “खंड राहू दे.”

“पुढे नदीचा तीर लागतो, भावजी. कुठल्या नदीच्या कुठल्या तीरावर बसलोय ते सांगावं लागतं.”

“आपली खाडी आहे ना.”

“ती आडशेतची आहे. तिच्यावर बंदर खात्याची पाटी आहे,” हे मध्येच म्हणाले.

“तू गप रे! वेणू, पण मी म्हणतो, देवाला हा सगळा पत्ता हवा कशाला? त्याला ठाऊक नसतं का आपण कुठे आहोत?”

“त्याला असतं,” मी म्हटलं. “आपण कुठे आहोत ते आपल्याला ठाऊक आहे का, एवढंच तो रोज विचारून घेतो.”

हे मी मोठी विदुषी म्हणून बोलले नव्हते. माझे वडील मिरजेला पूजा सांगायचे, त्यांचं वाक्य होतं ते. पण भावजी वाळूवर बोटाने रेघा ओढत बसले. मग म्हणाले, “आजच्यापुरता जुना पत्ता घाल. उद्यापर्यंत मी नवा तयार करतो.”

मी पुन्हा संकल्प केला. अभिषेक, फुलं, रुद्राची चार आवर्तनं. माझी सवय अशी की पूजेला बसले की घड्याळ कळत नाही. नैवेद्य दाखवत होते तेव्हा लुगड्याचा काठ ओला लागला. वाटलं, पळीचं पाणी. विसर्जनाच्या अक्षता हातात घेतल्या, आणि मी मंत्र म्हणायच्या आत एक बारीकशी लाट आली आणि बेलासकट लिंग घेऊन गेली.

मी वर पाहिलं. सकाळची ती समुद्राकडची वाळू कुठेच नव्हती.

“अहो,” मी म्हटलं. मोठ्याने बोलायची मला सवय नाही, म्हणून ह्यांना ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हटलं, “अहो, देश बघा.”

ह्यांनी सकाळी हद्दीवर मौजेने एक काठी रोवली होती. तिचं टोक तेवढं पाण्यावर दिसत होतं. “तात्या,” हे म्हणाले, “आपल्या राज्याची लोकसंख्या आता दाट व्हायला लागलीय.”

भावजी उठले, चष्मा पुसून बघू लागले. “असं कसं होईल? अष्टमीला मी दिवसभर इथे होतो. माथ्याला थेंब लागला नाही.”

अष्टमीला. आणि आज तीज. आमच्या आळीत समुद्र म्हणजे संध्याकाळी फिरायला जायची जागा, पण एवढं तर मीही ऐकलं होतं, की अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी मरगळलेली असते, आणि अमावास्येनंतरच्या दोन-तीन दिवसांत उधाण येतं. ओहोटी दूरवर जाते आणि भरती तेवढीच वर चढते. सकाळी तिप्पट झालेला देश हा मुहूर्ताचा गुण नव्हता, ओहोटीचा होता. आणि ही तीज धरायला मीच लावलं होतं. साडेतीन मुहूर्तांतला एक नेमका निवडून मी तिघांना बुडवायला आणलं होतं. धाकू सांगत होता तेव्हा मी शिंपले बघत होते.

“भावजी, चूक माझी आहे,” मी म्हटलं.

“चुकीचं नंतर बघू. ट्रंकेवर चढ.”

मी ट्रंकेवर उभी राहिले. पाणी ह्यांच्या पोटऱ्यांना लागलं. तांदळाची पिशवी तरंगली आणि निघून गेली. ह्यांनी ध्वजाची काठी उपटली आणि नाकाडाच्या दिशेने जोरजोरात हलवायला लागले. “धाकू! ए धाकू!”

“गजा, राष्ट्रध्वज आहे तो!”

“माझा पंचा आहे, तात्या! आणि सक्ती करायची नाही!”

नाकाडामागून होडी निघाली. आली ती अशी झपाट्याने, की माझ्या लक्षात आलं, धाकूने जाळी टाकलीच नव्हती. तो बसून वाट बघत होता.

“तात्यानू,” जवळ येऊन तो म्हणाला, “आता सल्ला मागताव काय?”

भावजींनी तोंड फिरवलं.

“भरती अजून भरायची हाय. दीडपर्यंत चढल. हितं मानसाच्या छातीला पानी लागतं.”

“तू या दोघांना घेऊन जा.”

“आन् तुमी?”

“मी माझ्या देशात आहे.”

“तात्या, पुरे आता,” हे चिडून म्हणाले आणि त्यांनी भावजींचं मनगट धरलं. भावजींनी नुसतं त्या हाताकडे पाहिलं. हे खजील झाले, हात सुटला. थोरल्या भावाला ओढून होडीत टाकणं ह्यांच्याने व्हायचं नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. भावजींच्या छातीतून घरघर ऐकू यायला लागली होती.

मी ट्रंकेवरून खाली पाण्यात उतरले. मांडीपर्यंत लागलं. गार होतं.

“वेणू, होडीत बस,” भावजी म्हणाले.

“नाही बसणार.”

“म्हणजे?”

“तुम्ही बसल्याशिवाय नाही बसणार. हट्ट नाही, भावजी. तुमच्यावर सक्तीही नाही. माझी मर्जी.”

“ही... ही अडवणूक आहे!”

“कलम एक आहे,” हे म्हणाले.

धाकू होडी सावरत म्हणाला, “काकी शोभतेय मामलेदारीण.”

भावजींना हसू आलं नाही. श्वास घेत घेत ते म्हणाले, “तुला काय वाटतं, वेणू, पारावरचे लोक हसतील म्हणून मी इथे उभा आहे? हसू देत. तिकडे गेलो की मी पुन्हा तोच होतो. हुकूम आला की पाळणारा.”

“तात्या, कुणी दिला तुला हुकूम? निवृत्त होऊन तीन वर्षं झाली,” हे म्हणाले.

मग भावजींनी सांगितलं. पाणी कमरेला लागत होतं आणि ते असे सांगत होते, जणू ओटीवर बसले आहेत. देशावरच्या एका तालुक्याच्या गावी ते असताना एका विधवा बाईच्या घरावर त्यांना पाठवलं होतं. द्वारकाबाई नावाची बाई. शेवया करून विकायची. कागद भरले नव्हते तिने, तिला कागद वाचताच येत नव्हते. साहेबाने हुकूम दिला, जप्ती करा. घरात जप्त करण्यासारखी एकच वस्तू, शेवयांचं पितळी यंत्र.

“मी ते पाटावरून सोडवलं. तिने मला चहा दिला होता, वेणू. मी निघालो तेव्हा म्हणाली, दादा, हे कधी मिळेल? मी म्हटलं, पंधरा दिवसांत मी स्वतः आणून देतो. कुणी सांगितलं नव्हतं मला असं म्हणायला. माझ्या मर्जीने दिला शब्द.”

“आणि?”

“साहेबाने फाइल दाबली. मग बदली. पुढे ते यंत्र लिलावात निघालं, ते दुसऱ्याच्या नावाने मीच घेतलं. अकरा वर्षं झाली. तुझ्याच माळ्यावर आहे, गोणपाटात. तिच्यासमोर जायला पाय उचलत नाही. म्हटलं, जिथे कुणी कुणाला हुकूम देत नाही असं हातभर तरी ठिकाण असावं, जिथे असा माणूस तयारच होणार नाही.”

एक लाट येऊन ट्रंकेवरून गेली.

मी हळूच विचारलं, “भावजी, त्या बाई कुठल्या देशात राहतात?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग काठावर हात टेकून, धाकूचा हात न घेता, ते सगळ्यांच्या आधी होडीत चढले. चढताना त्यांनी कुठला पाय आधी टाकला ते मी पाहिलं नाही.

परतताना मागे वळून पाहिलं तेव्हा तिथे नुसतं पाणी होतं. ट्रंक मात्र दुसऱ्या दिवशी धाकूने आणून दिली. आतल्या घटनेची शाई सगळी उतरली होती.

त्या संध्याकाळी मी काढा दिला, तो भावजी प्यायले. सकाळी मी अंगणात सडा घालत होते तेव्हा ते माळ्यावरून उतरले. अंगात इस्त्रीचा सदरा, खांद्यावर गोणपाटाचं गाठोडं. हे अजून झोपले होते.

“सहाची एस.टी. आहे,” ते म्हणाले.

मी आत जाऊन दशम्यांचा डबा आणला. त्यांनी तो पिशवीत ठेवला. “असतील का गं त्या अजून?”

“नसल्या तर त्यांचं कुणीतरी असेल.”

स्टँडला मागच्या पाणंदीने जाता येतं. त्या वाटेने पार लागत नाही. मला वाटलं, ते तिकडूनच वळतील. मी सड्याची बादली तशीच धरून बघत राहिले. ते देवळाच्या रस्त्याला लागले.

पारावर तेवढ्या सकाळीही दोघं-तिघं होते. “काय तात्या,” एकाने हाळी दिलीच, “वर्ष झालंसुद्धा? देश कुठाय?”

“भरती आहे,” भावजी न थांबता म्हणाले. “ओहोटीला या. शिक्का मारून देतो.”

मागून हशा उठला. भावजी एकदा थांबले. वाटलं, मागे वळतात की काय. पण त्यांनी गाठोडं फक्त या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं, यंत्राचा दांडा आत कशाला तरी लागून खणखणला, आणि ते स्टँडच्या चढाला लागले.